घोडनदीपासून भीमेपर्यंत: गावाबाहेरचे जमीनमालक

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, कमी पावसाचे तालुके. जमिनीचा धनी गावाबाहेर राहण्याची इथली रीत जुनी आहे. पाण्यावाचून गाव सुटण्याची त्याहून जुनी.

नगर रस्त्यावरून शिक्रापूरला डावीकडे वळले की पाबळ लागते. पहिल्या बाजीरावाने हे गाव मस्तानीला इनाम दिले. राहणे पुण्यात, वसूल पाबळचा. तिची समाधी मात्र इथेच आहे. पुढे कान्हूर मेसाईवरून मलठण येते. ते पवारांचे गाव. या घराण्याने धार आणि देवास ही संस्थाने दूर माळव्यात उभारली.

शिरूर इंग्रजांच्या छावणीमुळे वाढले आणि तिथल्या पेठेत सावकार स्थिरावले. १८६५ नंतर कापसाचा भाव कोसळला, १८६७ पासूनच्या फेरपाहणीने सारा चढला आणि शेतकऱ्यांची खाती फुगली. सावकाराला नांगर धरायचा नव्हता. जमीन त्याच्या नावावर जाई आणि मूळ मालकच तिथे कूळ म्हणून राबे. शिरूरच्या दक्षिणेला असलेल्या कर्डे गावात डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने हुकूमनामा मिळवून तिथल्या देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकाराला वाळीत टाकले: शेतावर मजूर नाही, दाढीला न्हावी नाही, घरी पाणी भरायला कोणी नाही. अखेर तो शिरूरला निघून गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आजचा दौंडही त्याच तालुक्यात मोडे. जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. १८७९ च्या कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला कोर्टात आधार दिला, पण कर्ज काढण्याची गरज तशीच राहिली.

गाव सुटण्याची जुनी खूण न्हावऱ्याच्या पुढे, घोडनदीच्या काठच्या इनामगावात आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात इथे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली वस्ती सापडली. पुराचे पाणी वळवणारा बांध होता, धान्याच्या कोठाराशेजारी प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर होते. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि मग वस्तीच उठली. पाऊस घटला, असे उत्खनकांचे अनुमान.

भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरले की चित्र पालटते. मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, पाटसला साखर कारखाना आहे आणि इथली गावे ओस पडलेली नाहीत. गावाबाहेरचा धनी मात्र इथेही आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालक मानले. अनेक जमीनदारांनी तत्पूर्वीच कुळे काढून जमिनी स्वतःच्या कसणुकीत दाखवल्या होत्या. पुण्या-मुंबईत राहणारा आजचा मालक जमीन वाट्याने किंवा खंडाने देतो, पण तोंडीच. सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव चढले तर कुळाचा हक्क लागेल, ही धास्ती अजून गेलेली नाही. त्यामुळे पीककर्ज आणि नुकसानभरपाई मालकाच्या नावाने निघते. कसणाऱ्याच्या हाती त्यातले काय पडावे, हे मालक ठरवतो.