कुठलं हलवलंस?

गेले सहा महिने मी रोज रात्री नेमाने हरतोय. ऑफिसचा शेवटचा कॉल साडेनऊला संपतो, जेवण होतं, आणि मग ऑनलाइन बुद्धिबळाचा दहा मिनिटांचा "एकच" डाव. एकच म्हणजे किती, हे जाणकारांस सांगणे न लगे.

खूळ लागलं ते दिव्या देशमुखमुळे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या या १९ वर्षांच्या मुलीने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली. ती आईच्या गळ्यात पडून रडली तो व्हिडिओ मी चारदा पाहिला. मग आठवलं, अरे, लहानपणी आपल्यालाही येत होतं की! सिडकोतल्या आमच्या गल्लीत मला कोणी हरवत नसे. (गल्लीत आणखी दोघांनाच खेळता येत होतं, पण ते असो.)

लिचेसवर खातं उघडलं. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली सुरू केलेली साइट. फुकट, जाहिराती नाहीत, कोड सगळ्यांना खुला. आत शिरताच तिने मला १५०० रेटिंग दिलं, पुढे प्रश्नचिन्ह. मला वाटलं, ओळखलं बरोबर! प्रत्यक्षात १५०० म्हणजे "तुम्ही कोण, मला माहीत नाही" एवढंच. तीन दिवसांत प्रश्नचिन्ह गेलं, त्याच्याबरोबर माझे साडेपाचशे गुणही गेले. ९४०! रेटिंगच्या गणितात २०० गुणांचा फरक असला तर वरचढ खेळाडूने शंभरातले साधारण ७६ गुण घ्यावेत अशी अपेक्षा असते. १५०० वाल्यांसमोर माझं काय होत असेल ते तुम्हीच काढा.

मग इंजिनिअर जागा झाला. यूट्यूबवरून लंडन सिस्टिमच्या दहा चाली पाठ केल्या. समोरचा ब्राझीलवाला तिसऱ्याच चालीला अभ्यासक्रमाबाहेरचं खेळला. मग हरलेले पन्नास डाव एक्सेलमध्ये घातले, एक रकाना "कारण" असा. ओपनिंगमुळे हरलेले तीन. बाकी रकाना वरपासून खालपर्यंत "हत्ती फुकट", "घोडा फुकट", "वजीर फुकट (पुन्हा)". म्हणून रोज अर्धा तास कोडी सोडवायला लागलो. कोडी सुटायची हो! पण कोडं समोर आलं की इथे काहीतरी दडलंय हे आधीच कळलेलं असतं. डावात तसं कोणी सांगत नाही.

एका रात्री सलग सात हरलो. एकदा हरलं की वसूल करायला दुसरा, तो हरलो की तिसरा. अडीच वाजले होते. तेवढ्यात नळाला पाणी आलं. बाबा मोटर लावायला उठले, मला बघितलं, काही बोलले नाहीत. सकाळी मी झोपेतच चुकीची फाइल प्रॉडक्शनवर चढवली. त्याचं पुराण पुन्हा कधीतरी.

त्या रविवारी बाबांनी माळ्यावरचा लाकडी पट काढला. बाबा देशी नियमांनी खेळतात, त्यांच्या गावाकडे पारावर शिकलेल्या. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची उडी. म्हटलं, ठीक आहे, ज्येष्ठ नागरिक आहेत, सांभाळून खेळू.

माझी चाल झाली की बाबा दर वेळी विचारायचे, "कुठलं हलवलंस?" मी सांगायचो. मग पटावर वाकून बराच वेळ बघत बसायचे. मी मनातल्या मनात पुढची चाल केव्हाच खेळून मोकळा. असं करत करत माझा एक हत्ती गेला, मग उंट, आणि पाऊण तासात मात.

"बाबा, दर वेळी काय विचारता? दिसतंय की समोर!"

"दिसत नाही म्हणूनच विचारतोय. उंट आणि प्यादं सारखंच दिसायलंय मला. तुला तर दिसतंय ना? तरी तू माझ्या चालीकडं बघत नाहीस. माझा हात कधी उचलतोय याची वाट बघतो नुसता." मग सोंगट्या डबीत भरता भरता म्हणाले, "डोळ्याचं बघ म्हणून दिवाळीपासून सांगायलोय. तू हो हो म्हणतोस."

खरंच म्हणत होतो. बहुतेक वेळा मोबाइलमध्ये बघत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजवा जास्त पिकलेला. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात.

आता ऑनलाइन डावही दहा मिनिटांचा लावत नाही. पंधरा मिनिटांचा आणि दर चालीला दहा सेकंद जास्तीचे, असा लावतो. दोन हरलो की लॅपटॉप बंद. आणि समोरच्याने चाल केली की आधी स्वतःशी पुटपुटतो, "कुठलं हलवलंस?" बायकोला वाटतं मी कॉलवर आहे. रेटिंग ११६० झालंय. हत्ती अजून फुकट जातो, पण रोज नाही.

परवा बाबांना पहिल्यांदा हरवलं. त्यांनी नवीन डोळ्याने पट नीट न्याहाळला, माझा घोडा होता तिथून दोन घरं मागे नेऊन ठेवला आणि म्हणाले, "इथपासून परत. तेव्हा चहा आला होता."