आमच्या हेरॉल्डची बॉडी उतरली

हुलसूरच्या आमच्या वाड्यात 1967 ची एक स्टँडर्ड हेरॉल्ड उभी आहे. नोंदणीपुस्तकावर म्हैसूर राज्याचा शिक्का, कारण कर्नाटक हे नाव 1973 साली आलं. गेल्या पावसाळ्यात दार उघडताना खालचा गंजलेला पत्रा हातात आला, तेव्हा मी ठरवलं, बॉडी उतरवून फ्रेम दुरुस्त करायची. अप्पा आता 84 वर्षांचे. म्हणाले, ‘सुटं केलेलं पुन्हा जोडलं जात नाही रे. आणि जोडलंच, तर बघायला मी असेन का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अँबेसेडर किंवा फियाटला हे करता येत नाही, त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. हेरॉल्ड वेगळी. इंग्लंडात ती 1959 साली निघाली. त्याआधीच बॉडीचे पत्रे ठोकून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने घेतला होता. म्हणून फ्रेम वेगळी ठेवून बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसवली. मद्रासला ती 1961 पासून बनू लागली. 25 फुटांत वळते, त्यामुळे आमच्या बोळात तिच्यासारखी गाडी नाही.

दोन रविवार नुसतं सोडवण्यातच गेले. बॉनेट, सीटा, गिअरबॉक्सवरचं झाकण, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, हँडब्रेकची केबल. लोणच्याच्या सगळ्या बरण्या बोल्टांनी भरल्या. माझ्या चिठ्ठ्या मराठीत, मेस्त्रीच्या कन्नडमध्ये. दारांच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगल आडवे बांधले. ते विसरलं तर उचलताना बॉडी वाकते आणि दारं पुन्हा नीट लागत नाहीत.

तिसऱ्या रविवारी आठजण जमले. खालून दोन वासे घातले. मेस्त्री ओरडला, ‘एत्तु!’ कन्नडमध्ये एत्तु म्हणजे उचल, आणि एत्तु म्हणजे बैलही. शेजारचा पोरगा म्हणाला, ‘बैल आम्हीच की!’ हसण्यात वासा घसरता घसरता राहिला. तेवढ्यात मागचा डावा कोपरा उठेना. कोणी ‘थांबा’, कोणी ‘निल्रि’. कुजलेल्या गालिच्याखाली एक बोल्ट राहिला होता, आणि यादीत त्यापुढे बरोबरची खूण मीच केलेली. प्राध्यापकाची यादी ती!

बोल्ट काढला. बॉडी वर गेली, चाकांवरची फ्रेम खालून ढकलत बाहेर काढली. घासून साफ करताना मागच्या चाकाजवळ, आतल्या बाजूला, जाड पत्र्याचं ठिगळ निघालं. इतकी वर्षं ते चिखलाच्या थराखाली होतं. ‘इदु यारु माडिद्रु?’ मेस्त्रीने विचारलं. हे कोणी केलं?

खुर्चीत बसलेले अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पंक्चर अल्ल. मोरी.’

पंक्चर नव्हतं! आमच्या घरात ते पंक्चर प्रसिद्ध आहे. आईचं माहेर उदगीर. 1956 पर्यंत तेही बीदर जिल्ह्यातच. 1984 साली आजोबा अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. अप्पा गाडी घेऊन बीदरला गेलेले, संध्याकाळी परतणार होते, आले पहाटे. उदगीरला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. पंक्चर झालं, स्टेपनी नव्हती, असं आम्ही चाळीस वर्षं ऐकत आलो. खरं म्हणजे अप्पांना डुलकी लागली होती. गाडी मोरीवर चढली, फ्रेम चिरली, आणि रात्री एका वेल्डरला उठवून ते ठिगळ मारलं. हे त्यांनी मला नाही, मेस्त्रीला सांगितलं, आणि तेही कन्नडमध्ये.

आई पायरीवर चहा घेऊन उभी होती. लग्नानंतर शिकलेलं तिचं कन्नड माझ्याहून चांगलं आहे.

‘चहा निवतोय,’ ती म्हणाली. कप वाटले. अप्पांचा त्यांच्या हातात दिला.

मेस्त्री म्हणाला, ठिगळ कापून तेवढा तुकडा नवा घालावा लागेल. आईनेच विचारलं, ‘गाडी तयार कधी होईल?’

‘पाडव्यापर्यंत.’

‘मग पाडव्याला उदगीर,’ आई म्हणाली. अप्पा कपात बघत राहिले.