आधी वजनकाटा आणा

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा गो-कार्टिंगच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने तो १८ टक्क्यांवर आणला. कर उतरला हे चांगलंच झालं, पण त्या निर्णयातली यादी मला आजही खुपते. थीम पार्क, वॉटर पार्क, जॉय राइड, मेरी-गो-राउंड, गो-कार्टिंग आणि बॅले, सगळे एका ओळीत! मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच पुढे आला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखीर सर्किटवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्याच्या खेळाची सरकारदरबारी जागा मात्र फिरत्या लाकडी घोड्यांच्या शेजारी. हा अपमान आहे असं मला वाटतं. तरीही भाड्याच्या कार्ट चालवणाऱ्या ट्रॅकवर नेहमी काय चालतं ते नीट पाहिलं, तर त्या यादीला सरसकट खोटं ठरवता येत नाही. तिकीट काढा, हेल्मेट चढवा, ठरलेल्या लॅप मारा, वेळेचा छापील कागद घ्या आणि निघा. ही मौजच झाली. मौजेला माझा विरोध नाही. पण ज्याला नोकरी-धंदा सांभाळून खरोखर शर्यतीत उतरायचं आहे, त्यालाही आपण याच रांगेत उभं करतो आणि वर त्या कागदावरच्या आकड्यावरून त्याची लायकी ठरवतो.

मौज आणि शर्यत यांच्यातला फरक वेगात नाही, इंजिनातही नाही. तो वजनकाट्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. भाड्याच्या कार्टला बहुधा २०० किंवा २७० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं. त्यातल्या मोठ्याची ताकद नऊ अश्वशक्तीच्या आसपास. चारही बाजूंनी संरक्षक बंपर असल्याने अशी कार्ट एकटीच दीडशे किलोंच्या घरात जाते. हिशेबासाठी १६० किलो धरू. तिच्यात ६० किलोंचा चालक बसला तर एकूण २२० किलो, ९० किलोंचा बसला तर २५०. इंजिन तेच, ओढायचं ओझं सुमारे १४ टक्क्यांनी जास्त. म्हणजे वळणातून बाहेर पडताना जड चालकाला मिळणारा उठाव साधारण १२ टक्क्यांनी कमी. लॅपच्या वेळेत एवढा फरक पडत नाही हे उघड आहे, कारण वेळ नुसत्या उठावावर ठरत नाही. पण लहान ट्रॅकवर वळणामागून वळण येतं आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो. ब्रेक मारतानाही तेच ओझं थोपवायचं असतं. समजा, या सगळ्यातून लॅपमागे फक्त पाव सेकंद गेला. बारा लॅपच्या शर्यतीत ते तीन सेकंद झाले आणि ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने तीन सेकंद म्हणजे चाळीस मीटरहून जास्त अंतर. पुढची कार्ट मागच्याच्या टप्प्यातच राहिली नाही. ही हार कागदावर छापून निघते, तेव्हा तिच्याखाली कारण लिहिलेलं नसतं. नवा चालक ती आपल्या हातापायांची हार समजतो. पोटाला चिमटा काढून दर महिन्याला ट्रॅकवर येणारा माणूस ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणून सोडून जातो आणि त्याला हरवणारा हलका चालक स्वतःला कुशल समजू लागतो. दोघांचीही फसवणूक होते. दुसऱ्याची जास्तच, कारण आपल्याला काही शिकायचं आहे हेच त्याला कळत नाही.

खऱ्या स्पर्धात्मक कार्टिंगने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनं वापरणारी मालिका आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धकांना परिचित आहे. तिथे इंजिनाला सील असतं, उघडून कुणी मनासारखी कारागिरी करू शकत नाही. प्रत्येक वर्गाला चालकासह किमान वजन ठरलेलं असतं. हलक्या चालकाने सीटला शिशाचे तुकडे नटबोल्टने आवळून ते भरून काढायचं. शर्यत संपली की कार्टसकट काट्यावर चढायचं आणि वजन कमी भरलं की निकाल रद्द. रोटॅक्सच्या ग्रँड फायनल्समध्ये तर स्पर्धकांना सामग्रीही चिठ्ठ्या टाकून दिली जाते. हा न्याय आपल्याला परका नाही. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर काट्यावर बसतो, कमी पडेल तेवढं शिसं खोगिराखाली घालतो. घोड्यांच्या शर्यतीत हे कुणाला जाचक वाटत नाही. मग माणसं स्वतः शर्यतीत उतरतात तिथे काटा अनावश्यक कसा ठरतो?

यावर पहिला आक्षेप असा की, भाड्याच्या दोन कार्ट कधीच सारख्या नसतात. एकीचे टायर झिजलेले, दुसरीचं इंजिन थकलेलं, मग वजनाचं एवढं काय? आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख माझ्याच बाजूचा आहे. कार्ट चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, दोन-तीन फेऱ्या ठेवून दर फेरीला त्या बदलाव्यात, मग वाटणीतलं नशीब बरंचसं फिटतं. वजन मात्र चालकासोबत प्रत्येक कार्टमध्ये जातं, ते फिटत नाही. दुसरा आक्षेप जरा उर्मट असतो: जड माणसाने वजन उतरवावं. काही किलो उतरवता येतात, पण सहा फुटी माणसाने हाडं कुठे ठेवायची? तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. सुटलेला शिशाचा तुकडा ट्रॅकवर घातक ठरतो. म्हणून हे काम हौशी चालकावर सोपवू नये. ट्रॅकवाल्यांनीच कार्टवर पक्क्या पेट्या बसवून त्यात वजनं अडकवावीत, आणि तीही रोजच्या गिऱ्हाइकांसाठी नव्हे, महिन्यातल्या एखाद्या शर्यतीच्या संध्याकाळी. चालकाचं किमान वजन ८५ किलो ठेवलं तर शंभर किलोंच्या माणसाला न्याय मिळत नाही, हेही मान्य. ब्रिटनमध्ये त्यासाठी रोटॅक्सचा कार्ट-चालक मिळून १७७ किलोंचा वेगळा वर्ग चालवला गेला. आपल्याकडे तेवढे स्पर्धक आधी जमायला हवेत.

एवढा खटाटोप कशाला, हौस असेल तर स्वतःची कार्ट घ्यावी, असंही सांगितलं जातं. सुरुवात करणाऱ्याने हा सल्ला निदान पहिल्या वर्षी तरी ऐकू नये. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर फिरतात. वळताना आतलं मागचं चाक क्षणभर हलकं व्हावं लागतं, नाहीतर कार्ट वळायला अडते. चाक तसं उचललं जाणं चौकटीच्या लवचिकतेवर, पुढच्या चाकांच्या कोनांवर आणि सीटच्या जागेवर अवलंबून असतं. त्यात टायरमधली हवा आणि कार्ब्युरेटरचा जेट यांची भर. ज्याच्या लागोपाठच्या पाच लॅप सारख्या येत नाहीत, त्याने हवा अर्धा पीएसआय कमी केल्यावर सुधारलेली वेळ हवेची की त्याची, हे त्याला कळणार कसं? भाड्याच्या कार्टमध्ये बदलण्यासारखं फक्त स्वतःचं चालवणं असतं, आणि ते शिकायला हीच जागा योग्य. ब्रेक सरळ रेषेत संपवा. स्टिअरिंग जितकं कमी वळवाल तितकं बरं, कारण घासणारी पुढची चाकं वेग खातात. मागचा भाग घसरवणं दिसायला झोकदार, पण नऊ अश्वशक्तीत गेलेला वेग लवकर परत येत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते चांगलं हेल्मेट आणि बरगड्यांचं संरक्षक जॅकेट यांवर करा. कडक सीटमध्ये बरगडी दुखावणं ही या खेळातली अगदी नेहमीची इजा आहे.

हौशी प्रौढांचा विचार आपल्याकडे मागे का पडला? कारण कार्टिंगकडे आपण फॉर्म्युला वनची बालवाडी म्हणूनच पाहतो. फॉर्म्युला वनमध्ये शर्यत केलेले भारतीय दोनच, २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक. तेच मोजमाप लावलं तर कार्टमध्ये बसलेली बाकी सगळी माणसं नापास ठरतात. खरं तर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली ती मुलांना विजेते करण्यासाठी नव्हे. तो रेसिंग गाड्या बांधणारा कारागीर होता, त्याने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन जोडून ती स्वतःच्या मौजेसाठी केली. पुढे हा खेळ वाहनतळांवर मोठ्या माणसांतच पसरला. रोटॅक्सच्या ग्रँड फायनल्समध्येही ३२ वर्षांपुढच्यांसाठी वेगळा वर्ग आहे. इतकं सांगूनही एक गोष्ट मला नाकारता येत नाही. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर मुलांचा शोध घेऊन जेहान दारूवाला, अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी यांना निवडलं, ते फॉर्म्युला वनच्या स्वप्नासाठीच. त्या स्वप्नाने बालकांच्या पाठीवर नको तेवढं ओझं टाकलं असं मी मानतो. पण राष्ट्रीय फेऱ्या भरतात, तिथे काटा असतो, तपासणी असते, नियम असतात, ही शिस्तही त्या स्वप्नामागे धावणाऱ्यांनीच आणली. हौशींच्या वाट्याला न्याय आला तर तो बालवाडीतूनच येईल, हे मला फारसं आवडत नसलं तरी दिसतं आहे.

काटा आल्यावर सगळे खूश होतील, अशी माझी समजूत नाही. आज पहिला येणारा हलका चालक वीस किलो शिसं घेऊन पाचवा आला, तर तो पुढच्या महिन्यात येईलच असं नाही. जड चालकाचंही कठीण होईल. वजन सारखं झाल्यावर तो तरीही मागे पडला, तर दोष टाकायला काही उरणार नाही. ट्रॅकवाल्यांना या दोन्ही गिऱ्हाइकांची भीती वाटत असेल, तर ती मला समजते. पण ज्यांना हे निकाल पचतील, तेच पुढे या खेळाचे स्पर्धक होणार आहेत, आणि त्यांची संख्या थोडी असली तरी काटा त्यांच्यासाठी आणायला हवा. त्या करयादीतून कार्टिंगचं नाव काढा, असं सरकारला सांगण्याचा हक्कही आपल्याला तेव्हाच मिळेल.