पुढच्या तुकडीसाठी

विद्यार्थ्यांच्या उपग्रहात सर्वांत अवघड काम कोणतं, असं विचारलं तर मी अँटेना किंवा सोल्डरिंग म्हणणार नाही. काम पुढच्या तुकडीच्या हाती सोपवणं, असं म्हणेन. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘स्वयम्’ या उपग्रहाची सुरुवात २००८मध्ये झाली आणि तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने श्रीहरिकोट्याहून गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २००७मध्ये सुरू होऊन २०१६च्याच २६ सप्टेंबरला सुटला. पदवी चार वर्षांची, उपग्रह आठ-नऊ वर्षांचा. आराखडा एका तुकडीचा, शेवटची चाचणी दुसरीच तुकडी करते.

‘स्वयम्’ जेमतेम एक किलोचा, दहा सेंटीमीटर बाजूचा घन. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप पोचवणं हे त्याचं काम. त्याची दिशा राखायला मोटर नव्हती: कायम चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळवून घेतो आणि हिस्टेरेसिस रॉड उपग्रहाचं डोलणं हळूहळू शमवतात. वीज लागत नाही, पण कक्षेत गेल्यावर दुरुस्तीही नाही. रॉड किती, कुठे, का, हे ठरवणारा विद्यार्थी नोकरीला लागून गेलेला असतो. कारण लिहून ठेवलं नसेल, तर पुढच्याला ते रॉड दिसतात, त्यामागचा विचार दिसत नाही. मग तो बदल करायलाही घाबरतो आणि विश्वास ठेवायलाही.

यावर आक्षेप येतो की आठ वर्षं म्हणजे दिरंगाईच. तयार सुटे भाग आणले तर वर्षा-दोन वर्षांत उपग्रह होईल. होईलही, आणि एखादं मोजमाप हाच हेतू असेल तर तसंच करावं. पण शिकणं हा हेतू असेल, तर विकतच्या पेटीत आधीच घेतलेले निर्णय विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: इतक्या काळात सुटे भाग जुने होतात, उत्साहही ओसरतो. म्हणूनच उपग्रह लहान ठेवावा, उद्दिष्ट एकच असावं. तरीही दोन-तीन तुकड्या लागणारच, आणि ज्याला आपण भेटणार नाही त्याला समजेल असं काम करणं हे अभियांत्रिकीचं मर्मच आहे. पूल, धरणं, वीजकेंद्रं अशीच चालतात.

तेव्हा महाविद्यालयांना एकच विनंती: गुण देताना चालणाऱ्या सर्किटइतकंच वजन नोंदवहीला द्या. नव्या विद्यार्थ्याने केवळ ती वही वाचून चाचणी पुन्हा करून दाखवली, तरच ते काम पूर्ण झालं असं माना.