मांडवातली निळी वायर

आमच्या भाईजानचं राहात्यात साउंडचं काम आहे. शिर्डी हाकेच्या अंतरावर, आजूबाजूला गावं मोठी. लग्नं, संदल, सप्ताह, सभा असं काही ना काही चालूच असतं. हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून कुठला पैसा वाया जातो ते मला आधी दिसतं. माझं मत विचाराल तर नवा स्पीकर घेण्याआधी वायर बघावी.

पूर्वी स्टेजपासून मिक्सरपर्यंत मनगटाएवढा जाड मल्टीकोर ओढायला दोन माणसं लागत. डिजिटल मिक्सर आला आणि कॉम्प्युटरच्या नेटवर्कची पेन्सिलीएवढी निळी वायर ते सगळं वाहू लागली. मल्टीकोरमधली एक तार तुटली तर एक माइक जायचा. ही वायर गेली की काझीसाहेबांचा खुतबा, दुल्ह्याचं 'कबूल है', सगळं एकदम गप्प. एका निकाहात तसंच झालं. पडद्यामागे बसलेल्या बायकांना काहीच ऐकू आलं नाही. मुलीकडच्यांनी बाकीचे पैसे कापून दिले, आणि कापणारच की!

घरी आल्यावर भाभीने त्या वायरमधली एक तार ब्लेडने खरवडली. वर तांबं, आत पांढरं. दुकानदाराने शुद्ध तांब्याची म्हणून दिलेल्या वायरमध्ये ॲल्युमिनियम निघालं! अशा मालाला 'सीसीए' म्हणतात. तो हातात हलका लागतो, स्वस्त असतो आणि रोजच्या गुंडाळण्याने आतल्या आत मोडतो.

तांब्यातही दोन जाती आहेत. एकेरी जाड तारेची वायर भिंतीत कायमची बसवायला ठीक. रोज अंथरायची-उचलायची असेल तर बारीक तारांच्या पिळाचीच घ्यावी, आणि तिला लागणारा जॅकही पिळाच्या तारेचाच हवा. आमच्या मिक्सरला वरून जाळी असलेली वायर लागते. ती जाळी दोन्ही टोकांना जॅकच्या धातूला टेकलेली पाहिजे. लांबी शंभर मीटरच्या आत.

खरा घात मात्र जॅकवरच्या प्लास्टिकच्या जिभेने होतो. कुणाचा पाय अडकला की ती मोडते, आणि मग जॅक नुसता टेकलेला राहतो. त्यासाठी न्यूट्रिक कंपनीचं 'इथरकॉन' नावाचं धातूचं कवच मिळतं. ते माइकच्या जॅकसारखं खटकन बसून अडकतं. महाग आहे. पण एका लग्नाचे कापलेले पैसे आठवले की मी वहीत तो खर्च मुकाट्याने लिहिते.

टेस्टरचे आठही दिवे लागले म्हणून वायर चांगली, असं नाही. तार जोडलेली आहे एवढंच तो सांगतो. भाभी वायर हलवत, वाकवत तपासते. जॅकही आता तीच बसवते: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. भाईजानच्या जाड बोटांना ते जमत नाही. पोरांना कोपरावर वायर गुंडाळू न देणं हेही तिच्याकडेच. आणि मांडवात आता नेहमी दोन वायरी अंथरल्या जातात, दुसरी नुसती पडून असते.