चिंगीच्या बरगड्या



मागच्या वेळी गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांचा फोटो टाकला होता. सांडग्यांबद्दल एकीनंच विचारलं, कोपऱ्यात बसलेल्या मांजरीबद्दल तिघींनी. ‘तुमचीच का?’ एवढंच. जैनाच्या घरात मांजर कशी, हे कुणी लिहिलं नव्हतं, पण मला ते वाचता आलं. हो, आमचीच आहे. नाव चिंगी, वय सव्वा वर्ष.

गेल्या आषाढात, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, आमच्या भुसार दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या फटीत ती सापडली. तळहातावर मावत होती. पाळायची असं कुणीच ठरवलं नाही. पोरांनी बशीत दूध ठेवलं, दुसऱ्या दिवशी दूधपोळी, मग दूधभात, आणि महिन्याभरात ती घरची झाली.

गुटगुटीतही दिसायला लागली. पोट तर टम्म. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, ‘आमच्या घरचं दूध मानवलं बघा हिला.’ मलाही तसंच वाटत होतं. फक्त धाकटी एकदा तिला मांडीवर घेऊन म्हणाली, ‘मम्मी, हिची पाठ टोचतीय.’ मी पोळ्या लाटत होते. ‘लहान आहे ती, भरेल,’ म्हणून मोकळी झाले.

राखी पौर्णिमेनंतर तिला पातळ संडास व्हायला लागली आणि एका सकाळी त्यात शेवयांसारखं काहीतरी हललं. तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. मी म्हटलं, ‘मॅडम, अंगानं चांगली आहे, फक्त पोट बिघडलंय.’ डॉक्टर मॅडमनी पोटाकडं बघितलंसुद्धा नाही. आधी काट्यावर ठेवली, मग डोळे मिटल्यासारखं करून दोन्ही बाजूंनी बरगड्यांवरनं बोटं फिरवली. ‘चांगली कुठं? रोड आहे ही.’

मग त्यांनी जे शिकवलं ते तुम्हीही आत्ता बसल्या जागी करून बघा. डावा हात टेबलावर पालथा पसरा आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरनं, बोटांच्या मुळाशी, हलकेच फिरवा. हाडं लागतात, पण वर पातळशी गादी आहे. ठीक वजनाच्या मांजरीच्या बरगड्या हाताला अशा लागतात. आता मूठ वळा आणि गाठींवरनं बोट न्या. असं लागलं तर मांजर रोड. शेवटी हात उताणा करून बोटांखालच्या मऊ भागावर फिरवा. तिथं हाड दाबून शोधावं लागतं. बरगड्या अशा लागल्या तर मांजर लठ्ठ. चिंगीच्या बरगड्या मुठीसारख्या होत्या. केस फुगीर असतात, त्यामुळं डोळ्याला ते कळत नाही. बोटालाच कळतं. धाकटीच्या बोटाला कळलं होतं.

आणि पोट? ते जंतांचं. पिल्लाचं पोट खाल्ल्यावर फुगतं आणि तास-दोन तासांत उतरतं. पाठीचा कणा टोचतोय आणि पोट मात्र दिवसभर ताठ, असं असेल तर ते बाळसं नव्हे. वरून उभं राहून बघितलं तर बरगड्यांच्या मागं थोडी कंबर दिसायला हवी. चिंगीला तर वरून बघितलं की घागर दिसायची.

वजन भरलं ७९० ग्रॅम. दुधाचे दात सगळे आले होते, त्यावरनं वय अडीच महिन्यांच्या आसपास धरलं. सुरुवातीच्या महिन्यांत पिल्लू महिन्याला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतं, म्हणजे ही किलोच्या वर हवी होती. पण मॅडम म्हणाल्या, ‘एका आकड्याला धरून बसू नका. दर आठवड्याला तोला आणि आकडा चढतोय का बघा.’ जंताचं औषध तिच्या वजनावर मोजून दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायला सांगितलं. मग विचारलं, ‘खायला काय देता?’

मी सांगितलं. त्या जरा थांबून बोलल्या. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही, पातळ संडास होते. भात-पोळीनं पोट भरतं, अंग भरत नाही. मांजर वाघाची मावशी आहे हे आपण नुसतं म्हणतो, पण तिचं शरीर खरंच तसं आहे. टॉरिन नावाचा एक पदार्थ आपलं शरीर आपलं आपण बनवतं, तिचं पुरेसं बनवू शकत नाही. तो तिला प्राण्यांच्या मांसातून मिळतो. नाही मिळाला तर आधी कळत नाही, पुढं डोळ्यांचा पडदा जातो, नाहीतर हृदयाचा स्नायू ढिला पडतो. हृदयाचं कारण तर १९८७ पर्यंत डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. भोपळ्यातनं आपण अ जीवनसत्त्व तयार करतो, तेही तिला जमत नाही. एक मात्र म्हणाल्या, कांदा-लसूण मांजरीला विषारी असतं. मी म्हटलं, ती काळजी आमच्या घरात नाही.

मांस न घातलेलं, वरून टॉरिन मिसळलेलं खाणं मिळतं का, हेही विचारून घेतलं. मॅडम म्हणाल्या, मोठ्या मांजरीवर, रक्त तपासत तपासत, कुणी करत असेल. वाढत्या आणि आधीच रोड असलेल्या पिल्लावर मी हा प्रयोग सुचवणार नाही.

मी घरी आले ती औषध घेऊन. खाण्याची पिशवी घेतली नाही.

तीन आठवडे पनीर, दही, तुपाचा भात करून बघितलं. दर रविवारी दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामं खोकं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि तिला आत बसवायचं. ८१०, ८३०, ८५०. आठवड्याला १०० ग्रॅम वाढायला हवे होते. जंत गेले, पोट उतरलं, आणि मग सगळ्यांनाच दिसलं. नुसतं डोकं आणि कान. आत्तींनी दाखवणं बंद केलं.

तोवर दशलक्षण पर्व सुरू झालं. बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, सातव्या दिवशी सातवा. अहिंसाणुव्रताचे अतिचार मी लहानपणी पाठशाळेत घोकले होते. त्यात शेवटचा अन्नपाननिरोध, आपल्या आधारानं राहणाऱ्या जिवाचं अन्नपाणी तोडणं. घोकताना मला नेहमी गोठ्यातला उपाशी बैल दिसायचा. त्या दिवशी खोक्यातली चिंगी दिसली. आणि दुसरी बाजूही मला माहीत होती. मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणं हे अनर्थदंडात धरलंय. कार्तिकेयानुप्रेक्षेत तर मांजराचं नावच आहे. म्हणजे पाळायलाच नको होतं. पण आषाढातल्या पावसात बशी ठेवून झाली होती. आता गोदामात परत सोडून यायचं आणि ‘आम्ही पाळत नाही’ म्हणायचं, हे मला धर्मापेक्षा हात झटकणं वाटलं.

माताजींना विचारायचं धाडस मात्र झालं नाही. ‘सोडून या’ म्हणाल्या असत्या तर मी ऐकलं नसतं, आणि विचारून न ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा माझा पळपुटा हिशेब. अनंत चतुर्दशी झाल्यावर पिशवी आणली. तिच्यावर काय लिहिलंय ते मी पूर्ण वाचलं. मी मारलं नाही हे खरं. पण कारित आणि अनुमोदना या शब्दांतून विकत घेणारी सुटत नाही, हेही खरं, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. पिशवी जिन्याखाली पत्र्याच्या डब्यात असते. वाटी, चमचा वेगळा, धुवायची जागा परसातल्या नळाशी. आत्ती तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘तो डबा देवघराच्या भिंतीला लागून नको.’ मी हलवला. त्यांच्यापुरती ती परवानगीच होती.

दिवाळीत निर्वाण लाडू चढवायच्या आदल्या दिवशी चिंगी १ किलो ६५० ग्रॅम भरली आणि बरगड्या पालथ्या हातासारख्या लागल्या. मला वाटलं, संपला विषय.

पौषात तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं, तेव्हा २ किलो ३०० ग्रॅम होती. मग आम्ही रविवारी तोलायचं सोडून दिलं. अंग धरलंय, केस चमकतात, आता काय बघायचं? जेठात इंजेक्शनसाठी नेली तर काटा ४ किलो १०० वर. वरून बघितलं तर कंबर नाहीच, लोड ठेवल्यासारखी. बरगड्या उताण्या हातासारख्या. ऑपरेशननंतर मांजरीला अन्न कमी लागतं आणि भूक मात्र वाढते, हे सांगितलं होतं, मी विसरले होते. हिच्या बारीक हाडापेराला तीन, फार तर सव्वातीन किलो पुरे.

धाकटीनं तोडगा काढला. ‘मम्मी, तिला अष्टमी-चतुर्दशीला उपवास करायला लावू.’ आम्ही हसलो, पण कुणास ठाऊक, मीही ते केलं असतं. मॅडमना सांगितलं तर त्या ओरडल्याच. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि त्यात ती जाऊ शकते. आपल्याला तप असेल, तिला ते मरण. वजन सावकाश उतरवायचं, आठवड्याला ४०-५० ग्रॅम, खाणं वाटीच्या अंदाजानं न देता ग्रॅमवर मोजून. तेव्हापासून मोजतेय. दोन आठवडे मोजूनही काटा हलेना.

मग एका संध्याकाळी लवकर दुकानातनं आले. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात, त्यानंतर आत्ती मागच्या पायरीवर बसल्या होत्या. हातात दुधाची साय आणि तुपानं माखलेला पोळीचा तुकडा, आणि समोर चिंगी. ‘त्या डब्यातलं ती नाइलाजानं खाते गं,’ म्हणाल्या, ‘आपल्या घरचंही काही जायला नको का पोटात?’

मी काय बोलणार? त्यांच्यासमोर हात पालथा ठेवला, मूठ वळली, हात उताणा केला आणि मग त्यांची बोटं धरून चिंगीच्या बरगड्यांवर ठेवली. त्यांनी बराच वेळ चाचपलं.

साय बंद झाली. गेल्या रविवारी ३ किलो ७०० भरली. पण आता आत्तींचा काट्यावर विश्वास नाही. रोज संध्याकाळी पायरीवर बसून एक हात उताणा धरतात, दुसऱ्यानं तिच्या बरगड्या बघतात आणि आत हाक देतात, ‘अजून गादी आहे गं!’