काटा अडण्याची वाट कशाला?

प्रिय मृणाल,

तुझं पत्र मिळालं. तीन आठवड्यांत अडीच किलो उतरलं, आता काटा हलत नाही, म्हणून सोमवारपासून जिम लावणार म्हणतेस. जरूर लाव, पण काट्यावर चिडून नको.

सुरुवातीला उतरतं त्यात पाणीच बरंच असतं. भात, पोळी, साखर कमी केली की यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन संपत जातं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणीही जातं. मग चरबीची पाळी येते, आणि ती सावकाश जाते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तू तासभर भरभर चाललीस तरी जेमतेम अडीचशे खर्च होतील. वाटेत एक वडापाव खाल्लास की हिशेब बरोबर! वजन उतरतं ते मुख्यतः ताटात. फिजिओथेरपीच्या टेबलाशी उभं राहून हे मी जन्मभर सांगत आले.

मग व्यायाम कशाला? नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यातून आपल्याकडे पोळ्या कमी करताना वरण-उसळही वाटीभरावरून चमच्यावर येते. चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत कमवायला फार कष्ट पडतात. त्याला रोज थोडं काम दिलं आणि डाळ, दही, अंडी पोटात गेली, तर शरीर तो सहजासहजी मोडत नाही.

म्हणून माझा क्रम असा. चालणं पहिल्या दिवसापासून, अगदी जेवणानंतर पंधरा मिनिटं का होईना. भूक रुळली की, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. तू नेमकी तिथेच आहेस. कुकर लावलास की ओट्याच्या कडेला तळवे टेक, पाय मागे ने, छाती कडेपर्यंत आण आणि स्वतःला ढकल. आठ-दहा वेळा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस. शेवटच्या दोन खेपांना जोर लावावा लागला पाहिजे. सांधा मात्र दुखता कामा नये. लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या म्हणजे एकेक किलोची डंबेल्स. हे अंगवळणी पडलं की जिमचे पैसे भर.

एक आधीच सांगून ठेवते. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू ठणकतात, पाणी धरून ठेवतात आणि काटा चक्क वर जातो. घाबरू नकोस. आठवड्यातून एकदा सकाळी कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत ती असावी असं सांगतात.

आणि उपासमार करून घाम गाळायचा हट्ट नको. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं होतं. पोरं इतकी मलूल झाली की जिना चढायचंही जिवावर येई. पोट रिकामं असलं की शरीर हालचालीतच काटकसर करतं. जिमहून आल्यावर तू दिवसभर सोफ्यावर पडून राहिलीस, तर मिळवलं काय?

खरा प्रश्न डाएट संपल्यावरचा आहे. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण नियमित, सरासरी रोज तासाभराचा व्यायाम करतात. उतरवायला ताट पुरतं. टिकवायला पाय हलवावेच लागतात. ही सवय डाएट संपल्यावर लावू म्हणशील, तर तोवर लग्नसराई आलेली असेल. आतापासून वाढवत ने. आठवड्याला दीडशे मिनिटं हा पहिला टप्पा धर.

भाऊजीही तुझ्याबरोबर सुरू करणार म्हणतात, असं लिहिलंयस. छान. पण ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात. खाणं कमी आणि चालणं जास्त झालं की काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येते. डॉक्टरांना विचारून डोस ठरवल्याशिवाय त्यांना बाहेर काढू नकोस, आणि निघताना त्यांच्या खिशात साखरेची पुडी ठेव.

तुझी,
मावशी